बसायचं, पण आधी वीस मिनिटं दिवे लावून

मराठी माणूस प्यायला जात नाही, तो बसतो. "शनिवारी बसायचं का?" एवढं विचारलं की काय, किती आणि कुणाकडे हे आपोआप कळतं. त्या बसण्याला सिनेमा जोडला की बेत पक्का. व्हिस्कीचं किंवा बिअरचं यात फारसं बिघडत नाही, वाइनचं मात्र बिघडतं. अंधार, मोठा आवाज, डोक्यावर गरगरणारा पंखा, मधोमध चिवड्याचं पातेलं आणि कोपऱ्यात डासांची अगरबत्ती. वाइनची चव मारायची ठरवून मांडामांड केली असती तरी याहून वेगळी झाली नसती.

तरीही सिनेमाच्या रात्रीकडे अशी एक गोष्ट असते जी वायनरीतल्या टेस्टिंग रूममध्ये मिळत नाही. ती म्हणजे वेळ. तिथे पाच-सहा वाइन अर्ध्या तासात उरकतात, पुढची टोळी दारात उभी असते. घरी अडीच तास हाताशी असतात. तेवढ्या वेळात पेल्यातली वाइन गरम होते, तिला हवा लागते, आपली जीभही सरावते. आठ वाजता आंबटढाण वाटलेली वाइन साडेनऊला चक्क आवडायला लागते. हा बदल पकडायचा तर सुरुवात कुठून झाली ते लक्षात राहायला हवं. म्हणून पहिली वीस मिनिटं दिवे लावून, टीव्ही बंद ठेवून चाखायचं, मग सिनेमा, आणि मध्यंतरात पुन्हा त्याच वाइनकडे वळायचं. ओटीटीवर मध्यंतर नसतं, ते आपणच टाकायचं.

आधी हिशेब. सहा जणांना तीन बाटल्या पुरतात. एक बाटली ७५० मिलिलिटरची. चाखायला माणशी ५० मिलि ओतले की प्रत्येक बाटलीतले ३०० गेले, ४५० उरले. तीन बाटल्यांचे मिळून १३५० मिलि, म्हणजे सिनेमाभर माणशी २२५. एकूण प्रत्येकाच्या पोटात ३७५ मिलि, म्हणजे अर्धी बाटली गेली. आता "वाइन काय, द्राक्षाचं सरबतच की!" म्हणणाऱ्यासाठी पुढचा हिशेब. १३ टक्क्यांच्या अर्ध्या बाटलीत सुमारे ४९ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिच्या लार्जमध्ये जेमतेम २६. म्हणजे सरबत म्हणून जे पोटात गेलं ते जवळजवळ दोन लार्ज. गाडीच्या किल्ल्या कुणाकडे राहणार हे बूच काढायच्या आधी ठरवायचं, आणि त्या माणसाने चाखून थुंकायचं. घरात जुनी पिकदाणी असेल तर तिला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही. नसेल तर तांब्या चालतो.

तीन बाटल्या कोणत्या? पहिल्यांदाच करत असाल तर सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां आणि शिराझ, म्हणजे दोन पांढऱ्या आणि एक लाल. तिन्ही नाशिकच्या मिळतात आणि तिघींचे स्वभाव इतके वेगळे आहेत की नवख्यालाही फरक कळतो. नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या त्या यातल्या पहिल्या दोन जातींच्याच. लाल वाइनमध्ये बदल हवा असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची सांजोवेझे घ्यावी. मूळची इटलीची द्राक्षं उसाच्या पट्ट्यात कशी रुजली, हा सिनेमा कंटाळवाणा निघाल्यास गप्पांचा विषय होतो.

बाटलीवरचं साल मात्र बघून घ्या. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, तिला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलच्या सुमाराला खरडछाटणी, पावसाळा सरल्यावर फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे त्या वर्षीची ताजी पांढरी वाइन त्याच वर्षी दुकानात येऊ शकते. पांढरी घेताना ती दोन वर्षांहून जुनी नको. आपल्याकडची साधी सोव्हिन्यों मुरवायची नसते. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात उभी असलेली बाटली तर कितीही सवलत असली तरी उचलू नये. तापलेल्या वाइनला शिजवलेल्या जॅमसारखा वास येतो आणि तो मग जात नाही.

आता तापमान. घरच्या वाइनचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यावी" हे वाक्य ज्या खोल्यांसाठी आहे त्या १६ ते १८ अंशांच्या. पुण्यात मे महिन्यात रात्री आठला दिवाणखाना ३० अंशांवर असतो. त्या तापमानाला शिराझमधलं अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. तेव्हा लाल बाटलीही फ्रिजमध्ये जायला हवी, साधारण तासभर. पांढरीला तीन तास लागतात, ती ८ ते १० अंशांवर यायला हवी. पाहुणे दारात आणि बाटली अजून पिशवीत असेल तर मोठ्या पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवायची. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला थंडावा लागत नाही. पाणी विसरायचं नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली फुटते, फसफसणारी असेल तर हमखास.

उलट चूकही होते. फ्रिजमधून थेट काढलेली, ४ अंशांची पांढरी वाइन ओतली की तिला वासच नसतो. "यात काही दम नाही" असं कुणी म्हटलं तर दोन्ही तळव्यांत पेला धरून पाच मिनिटं थांबायला सांगा. मुद्दाम असं करून बघण्यासारखं आहे. थंडीत दडलेला वास एकेक करत बाहेर येतो.

खोलीतले वास आधी घालवायचे. उदबत्ती, डासांची अगरबत्ती, अत्तर, केसांतला मोगरा यांपैकी एक जरी असला तरी वाइनचा वास हरतो. स्वयंपाकघरात नुकतीच हिंगाची फोडणी पडली असेल तर खिडक्या उघडून अर्धा तास थांबा. पंखा बंद करवत नसेल तर निदान त्याच्या थेट खाली बसू नका. पेले काचेचेच हवेत, तोंडाशी थोडे निमुळते. सगळ्यांचे सारखे असावेत, नाहीतर तुलना वाइनची न होता पेल्यांची होते. फडक्याने पुसलेल्या पेल्याला फडक्याचा वास येतो, भांड्यांच्या साबणाचाही राहतो. म्हणून नुसत्या गरम पाण्याने विसळून उपडे ठेवायचे, आणि ओतण्याआधी रिकाम्या पेल्यात नाक घालून खात्री करायची. याला दहा सेकंद लागतात आणि हे कुणीच करत नाही.

मग चाखायला बसायचं. पेल्याखाली पांढरा कागद धरायचा, कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. रंग बघायचा. आधी पेला न हलवता वास घ्यायचा, मग तीनचार वेळा घोळवून पुन्हा. या दोन वासांमध्ये फरक पडतोच, कारण घोळवल्यावर पृष्ठभाग वाढतो आणि उडून जाणारी संयुगं मोकळी होतात. त्यानंतर चमचा-दीड चमचा घोट तोंडात घेऊन सगळीकडे फिरवायचा, ओठ किंचित उघडून हवा आत ओढायची, गिळल्यावर नाकाने श्वास सोडायचा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराचसा भाग हा मागच्या बाजूने नाकात शिरणारा वासच असतो. सर्दी झालेल्या मित्राला खुशाल स्वस्तातली वाइन द्यावी.

आणि कुणीही तोंड उघडायच्या आधी प्रत्येकाने कागदावर तीन शब्द लिहायचे. हा नियम कडक पाळायचा. टोळीत एक जण तरी मोठ्या आवाजाचा असतो. त्याने "लिची!" म्हटलं की सगळ्यांना लिची येते.

शब्दांपाशीच बहुतेकांचं घोडं अडतं. लेबलवर लिहिलेलं असतं गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडर. यातलं काहीही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी आलेलं नसतं. मग माणूस गप्प बसतो किंवा लेबल वाचून दाखवतो. गरज नाही. नाशिकची सोव्हिन्यों पेल्यात घ्या आणि पेरू आठवा, हिरवा, कडक, मीठ लावलेला. ही उपमा नाही. या वाइनमध्ये गंधकयुक्त संयुगांचा जो एक गट असतो तोच पेरूतही सापडतो. तिच्यात हिरवट, ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो तोही ढोबळी मिरचीतल्याच पायराझिन नावाच्या संयुगाचा. लाकडाच्या पिंपात मुरलेल्या लाल वाइनला लवंगेचा वास येतो, कारण ओकच्या लाकडातून आलेलं युजेनॉल हेच लवंगेचं मुख्य तेल आहे. आपला मसाल्याचा डबा या कामाला पुरून उरतो.

शिराझमध्ये काळी मिरी शोधायची. रोटंडोन नावाचं संयुग मिरीत असतं आणि शिराझच्या द्राक्षाच्या सालीतही. ते २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखलं, आणि त्याच वेळी दिसून आलं की पाचातल्या साधारण एकाला त्याचा वास येतच नाही. सहा जण बसले असतील तर एकाला मिरी सापडणार नाही याची तयारी ठेवा. तो खोटं बोलत नसतो आणि अडाणीही नसतो. त्याच्या नाकाची ती खिडकीच बंद असते.

आणि तुरट. आपल्याकडे सहा रस मोजतात त्यात तुरट हा स्वतंत्र आहे. इंग्रजीत हा तुरटपणा आणणाऱ्या टॅनिनबद्दल पानंच्या पानं लिहितात, मराठीत आवळा, सुपारी, कच्चं केळं म्हटलं की विषय संपतो. वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या ओढल्यासारख्या होतात. कोरा चहा फार उकळला की होतं तेच. त्या चहात दूध घातलं की तुरटपणा का जातो? कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि जिभेला मोकळं सोडतं. लाल वाइनसोबत चीज ठेवतात त्यामागे हेच आहे. मात्र तुरट आणि कडू यांची गल्लत होऊ द्यायची नाही. कडू जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळल्यासारखं वाटतं, तुरट सगळ्या तोंडाला आवळतं.

आता चखणा. कितीही नाही म्हटलं तरी सिनेमाला पॉपकॉर्न येणारच, आणि सुदैवाने तो वाइनचा चांगला सोबती आहे. लोणी लावलेल्या पॉपकॉर्नला जो वास येतो तो डायअसिटिलचा. शार्डोने जातीच्या काही पांढऱ्या वाइनना तोच वास येतो, कारण त्यांच्यात दारू तयार झाल्यावर दुसरं एक काम चालतं. जिवाणू त्यातलं हिरव्या सफरचंदासारखं आंबट मॅलिक आम्ल खातात आणि ताकातलं सौम्य लॅक्टिक आम्ल तयार करतात. थोडक्यात वाइनला विरजण लागतं. जाताजाता डायअसिटिल निर्माण होतं, लोण्यालाही त्याचाच वास असतो. शार्डोने आणि बटर पॉपकॉर्न ही जोडी म्हणून जुळते. साध्या खारट पॉपकॉर्नसोबत शेनिन किंवा फसफसणारी वाइन चांगली. मिठाने कडवटपणा झाकला जातो आणि फळ पुढे येतं. खारे शेंगदाणे तर लाल वाइनसोबतही चालतात. चीजची पूड भुरभुरलेला पॉपकॉर्न मात्र लांब ठेवा. त्यातल्या उमामीने, म्हणजे चीज-टोमॅटोत जाणवणाऱ्या पाचव्या चवीने, वाइन कडू आणि पातळ लागते.

तिखटाचं गणित सरळ आहे आणि बहुतेकजण ते उलट सोडवतात. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदना-ग्राहींना (रिसेप्टर्सना) चेतवतं, अल्कोहोल त्यांनाच अधिक हळवं करतं. त्यामुळे लसणीची शेव आणि १४ टक्क्यांची शिराझ एकत्र आली की आग होते, वर टॅनिनने ती खरखरीत होते. तिखटासोबत कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर आणि गारेगार वाइन हवी. बाकरवडीसोबत किंचित गोड शेनिन, यासारखी जोडी बाहेरच्या पुस्तकांत सापडायची नाही. आंबट, गोड आणि तिखट तिन्हींना ती सांभाळून घेते. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यों. तळणीला बुडबुडे: बटाटेवडा किंवा चकली आणि फसफसणारी कोरडी (म्हणजे गोड नसलेली) वाइन, कारण आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. वड्यासोबतची लसणाची चटणी तेवढी बाजूला ठेवा. गोव्याचा चोरिस-पाव असेल तर गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन.

गोड पदार्थ शेवटाला. शंकरपाळ्याच्या मागोमाग कोरडी वाइन प्यायली तर ती लिंबासारखी आंबट लागते. काळं चॉकलेट आणि कोरडी लाल वाइन ही जोडी जाहिरातीतच चांगली दिसते. गोडासोबत वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असावी, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, लेट हार्वेस्ट म्हणतात ती. मुखवासाचा डबा रात्र संपेपर्यंत कपाटातच राहू द्या. सुपारी स्वतःच तुरट, तिच्यावर शिराझ म्हणजे तोंडाला कुलूप.

दिवे मालवले की चाखणं संपतं असं नाही, ते वेगळं होतं. टीव्हीच्या निळसर उजेडात लाल वाइन काळी दिसते आणि रोझे व पांढरी ओळखू येत नाहीत. याचाच खेळ करावा. बोर्दोमध्ये संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेमालूम लाल रंगवून दिली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. घरी रंग घालायची गरज नाही, अंधार आहेच. शेनिन आणि एखादी हलकी लाल दोन्ही १४-१५ अंशांवर आणा, बाटल्यांना पायमोजे चढवा (धुतलेले), आणि डोळे मिटायला सांगून ओता. तापमान सारखं असलं की ‘गार ती पांढरी’ ही पळवाट बंद होते. मग उरतं ते फक्त तुरट. ज्याला ते शब्द लिहिताना पकडता आलं तो इथे जिंकतो.

आवाजही बघा. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ साली विमानाच्या आवाजाइतक्या गोंगाटात चवी तपासल्या गेल्या, तेव्हा गोड कमी जाणवलं आणि उमामी जास्त. म्हणजे मारधाडीच्या सिनेमात गोडसर शेनिन कोरडी वाटू शकते. सिनेमाचा प्रकार बघून वाइन निवडण्याच्या बाकीच्या युक्त्या, भयपटाला लाल, प्रेमकथेला गुलाबी वगैरे, गमतीपुरत्या. खरं तर सगळ्यांनी आधी पाहिलेला सिनेमा लावावा. सबटायटल वाचत वाइनकडे लक्ष देता येत नाही.

मध्यंतरात दिवे लावून तोच कागद समोर घ्यायचा आणि तेच तीन शब्द पुन्हा तपासायचे. सोव्हिन्यों बहुधा बसलेली असते, पेरू गेलेला, आंबटपणा उघडा पडलेला. शिराझ बहुधा सुधारते. कधीकधी सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास आलेली वाइनही तोवर स्वच्छ झालेली असते. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास, हवा लागली की पुष्कळदा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलचा वास मात्र जात नाही, उलट वाढतो. तो बुचातून आलेला दोष आहे, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना तो बहुतेक नसतो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास आला तर मोरीत ओता, मनाला लावून घेऊ नका.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये जाते, लालसुद्धा. पांढरी तीनचार दिवस टिकते, लाल दोनतीन. निम्म्याहून कमी उरली असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर हवा कमी राहिली पाहिजे. फसफसणारी दुसऱ्या दिवशीच संपवावी. पेले रात्रीच घासायची घाई नको, झोपेत देठ मोडतात. सकाळी धुण्यापूर्वी शिराझच्या कोरड्या पेल्यात एकदा नाक घाला. फळ उडून गेलेलं असतं, अल्कोहोलही. पिंपात मुरलेली असेल तर व्हॅनिला आणि लवंग तेवढी तळाशी राहिलेली असतात, आणि ज्याला रात्रभर लवंग सापडली नव्हती त्याला ती चहाच्या आधी सापडते.